डावा एक्सल आखूड असतो

लग्नाला चार वर्षं होऊन गेली तरी माझे सासरे माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. भांडणबिंडण काही नव्हतं, त्या घरची रीतच तशी होती. सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही आणि सुनेनं सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही. काही सांगायचंच असलं तर मधे सासू. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मी चहाचा कप घेऊन मामाजींच्या समोर दोन हात अंतरावर उभी असे आणि ते भिंतीकडे बघून म्हणत, "तिले म्हना, आज साखर जराशी जास्त झाली, पन अद्रक चांगलं लागून राहिलं." मग आत्याबाई माझ्याकडे वळून म्हणत, "साखर कमी टाकत जाय वं." अद्रकाचं कौतुक वाटेतच गळून जाई.

आत्याबाई काटकसरी होत्या. दिव्याचं तेल, चुलीचं लाकूड आणि बोलणं, तिन्ही त्या जपून वापरत. मामाजींच्या दहा शब्दांतले सात त्या स्वतःजवळ ठेवून घेत आणि तीन मला देत. मी माहेरी बडबडी म्हणून प्रसिद्ध होते, त्यामुळे या कारभाराचा मला फार राग येई. एकदा मी नवऱ्याला म्हटलंही, "तुमच्या घरात माणसं समोरासमोर बसून टपालानं बोलतात." यांनी ते हसण्यावारी नेलं. हे सगळंच हसण्यावारी नेत.

मामाजी मूळचे काटोलकडच्या एका खेड्यातले. घरी शेती होती, बैल होते, पण त्यांचा जीव लोखंडात. संत्र्याचे ट्रक दुरुस्त करायला गावात एक मिस्त्री येई, त्याच्या मागे लागून ते तरुणपणीच नागपूरला आले आणि तीस वर्षं एका मोटार वर्कशॉपमध्ये राहिले. शेवटी शेवटी तिथले मोठे मिस्त्री तेच होते. नंदनवनला चहूकडे नुसते रिकामे प्लॉट आणि काळी माती होती तेव्हा त्यांनी तिथं घर बांधलं, आणि लोक ज्याला भंगार म्हणत होते अशी एक काळी, फुगीर पाठीची गाडी आणून स्वतःच्या हातांनी चालती केली.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत चालावं लागे. जीभ तेवढी शाबूत राहिली. तेव्हापासून ते व्हरांड्यात खुर्चीवर बसून असत. गाडीचं काही निघालं की ते उठू बघत, आणि हे म्हणत, "तुम्ही बसा बाबा, मी पाहून घेतो." शेजारी आले की म्हणत, "बसा, बसा, उठू नका." घरात येणारा प्रत्येक माणूस त्यांना बसायलाच सांगे, आणि ते तर आधीच बसलेले असत. मीही त्यातलीच. चहा ठेवायचा, पदर सावरायचा आणि आत पळायचं, एवढाच माझा त्यांच्याशी संबंध.

हे झालं सत्तरीच्या दशकाच्या अखेरीला. त्या वर्षी ऐन पोळ्याच्या आठवड्यात मला कळमेश्वरच्या एका शाळेतून पत्र आलं. विज्ञान शिकवायची जागा होती. लग्नानंतर चार वर्षं मी अर्ज करत होते, मुलाखती देत होते आणि दर वेळी कोणाची तरी भाची माझ्या पुढे निघत होती. या वेळी निवड माझी झाली होती. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की सोमवारी सकाळी अकरा वाजेपर्यंत हजर व्हावं, न झाल्यास जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला दिली जाईल. हे पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर कागद विरायला आला.

मामाजींना माझी नोकरी पसंत आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. विचारणार कशी? यांनी त्यांना पत्र वाचून दाखवलं तेव्हा ते काहीतरी बोलले होते, पण मी स्वयंपाकघरात होते, आणि माझ्यापर्यंत आत्याबाईंनी जे पोचवलं ते एवढंच, "जाय म्हने." मागचे शब्द कोणते गाळले असतील या विचारानं मी दोन दिवस हैराण होते.

शनिवारी पोळा होता. आमच्याकडे बैल नव्हते, पण आत्याबाई खेड्यातल्या. आदल्या संध्याकाळी त्यांनी गाडीच्या बॉनेटला हळद-तूप लावलं, बैलाची खांद, म्हणजे जुवाखालचा खांदा, शेकतात तसं. पोळ्याच्या दिवशी कुंकू लावलं, पुरणपोळीचा घास दाखवला आणि बजावलं, "आज गाडी काढायची नाही. आज बैलाले जुंपत नसते." हे हसले आणि संध्याकाळी गाडी घेऊन नारळ आणायला गेले. परत येताना घराजवळच्या नालीत मागचं चाक उतरलं, यांनी गाडी जोरानं वर घेतली आणि आतून कट्‌ असा आवाज आला. इंजिन चालू, गियर पडलेला, आणि गाडी जागची हलेना. चार माणसांनी ढकलत ती अंगणात आणली.

मामाजी व्हरांड्यातूनच म्हणाले, "एक्सल गेला. मागचा डावा." एक्सल म्हणजे गाडीच्या पोटातली ताकद चाकापर्यंत नेणारा लोखंडी दांडा. मागच्या बाजूला असे दोन असतात, एक डाव्या चाकाचा, एक उजव्याचा, आणि दोघांची आतली टोकं मधल्या दातेरी चाकांच्या पेटीत बसतात. आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "पोळ्याच्या दिवशी जुंपलं, मंग खांद मोडनारच." त्या दिवशी त्यांच्याशी वाद घालायची कोणाची छाती झाली नाही.

आता अडचण अशी होती की एसटीचा संप चालू होता. रेल्वेची पॅसेंजर होती, पण ती कळमेश्वरला पोचवी दुपारी. ओळखीचे मिस्त्री पोळ्याला आपापल्या गावी गेलेले, समोरचे स्कूटरवालेही गावी. म्हणजे सोमवारी अकराच्या आत मला नेणारी एकच गाडी होती आणि ती अंगणात एका बाजूला कलून उभी होती.

रविवारी सकाळी यांनी चाक काढलं, आतला गोल ड्रम काढला, तुटक्या एक्सलचा बाहेरचा तुकडा ओढून घेतला, आणि तारेचा फास करून आत अडकलेला तुकडाही महत्प्रयासानं बाहेर आणला. तेवढ्यात बारा वाजले. हे वीज केंद्रात पाळीवर होते आणि सगळे सणाला गेल्यामुळे यांची त्या दिवशी दोन पाळ्यांची ड्यूटी लागली होती. "सोमवारी सकाळी आठला येतो, तासाभरात नवा घालतो, नऊला निघू," हे म्हणाले. यांचा तास मला माहीत होता. नळाची चावी बदलायला तासभर म्हणून बसले होते, तेव्हा आम्ही दोन दिवस विहिरीचं पाणी प्यायलो होतो. हे सायकल काढून निघून गेले आणि मी त्या उघड्या पडलेल्या भोकाकडे बघत उभी राहिले. मला रडू यायला लागलं, आणि रडण्यापेक्षाही जास्त राग.

तेव्हा व्हरांड्यातून मामाजींचा आवाज आला, "तिले म्हना, माळ्यावर पोत्यात दोन जुने एक्सल हायेत, ग्रीस लावून ठेवले. खाली काढ म्हना."

आत्याबाई म्हणाल्या, "माळ्यावर पोतं हाय. काढ."

मी पदर खोचला. पोतं इतकं जड होतं की शिडीवरून मी आणि पोतं दोघं एकदमच खाली आलो. आत दोन लांब दांडे होते, एका टोकाला गोल चकती, दुसऱ्या टोकाला दाते. दोन्ही दिसायला सारखेच. मी ते रॉकेलनं धुतले आणि मग, चार वर्षांत पहिल्यांदाच, मामाजींकडे पाहून आत्याबाईंना म्हटलं, "त्यांना विचारा, मी घातला तर चालेल का?"

माझी खात्री झाली की आता 'बाईमाणसाचं काम नाही' असं काहीतरी येणार. आलं ते वेगळंच. "तिले म्हना, आंधी जॅकखाली लाकूड दे. माती ओली हाय, जॅक खचन." आत्याबाईंनी मात्र हे पूर्ण पोचवलं, कारण लाकूड म्हणून द्यायला घरात एकच वस्तू होती, जेवायला बसायचा शिसवी पाट. "याच्यावर माहा लेक लग्नात बसला होता," त्या पाट हातात घट्ट धरून म्हणाल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, आता सुनेची गाडी बसणार आहे." त्यांनी पाट दिला, पण मागे वळून तीन वेळा पाहिला.

बाहेर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, मुलांचा तान्हा पोळा. सकाळपासून गल्लीतली मुलं पळसाच्या डहाळ्या घेऊन ओरडत होती, "घेऊन जाय गे मारबत!" रोगराई, खोकला, इडापिडा, सगळं मारबतीनं, म्हणजे मिरवत नेऊन जाळायच्या त्या पुतळ्यानं, गावाबाहेर न्यायचं असतं. आत्याबाई त्यांना म्हणाल्या, "अन् या गाडीले बी घेऊन जा रे!"

मी गाडीच्या मागे, डाव्या अंगाला, पोत्यावर बसले होते. मामाजी समोर व्हरांड्यात, गाडीच्या नाकासमोर. मधे अख्खी गाडी, त्यामुळे त्यांना मी दिसत नव्हते आणि मला ते. आत्याबाई दोघांच्या मधे बॉनेटजवळ उभ्या. मुलांच्या कलकलाटात मामाजींचा आवाज माझ्यापर्यंत येत नव्हता, आत्याबाईंचा तेवढा येत होता.

"काय म्हणतात?" मी ओरडून विचारलं.

"एक घे अन् घाल म्हने."

मी हाताला आला तो घेतला. दात्यांना ग्रीस लावलं, नळीसारख्या त्या भोकात सरकवला. तो आत आत गेला, कुठंतरी अडला, मी थोडा फिरवला, पुन्हा गेला. मला फार आनंद झाला. पण बाहेरची चकती शेवटपर्यंत टेकेना. दोन बोटं अंतर राहिलं ते राहिलंच. मी फिरवून पाहिलं, काढून पुन्हा घातलं, पायानं रेटलं. अर्धा तास गेला, तास गेला. पदर कधी खाली पडला मला कळलं नाही. घाम डोळ्यांत उतरत होता आणि डोळ्यांसमोर यादीतली ती पुढची उमेदवार उभी होती, चांगली इस्त्रीची साडी नेसून. शेवटी मी हातोडा उचलला आणि चकतीवर एक घाव घातला.

"थांब वं! मारू नको!"

हातोडा माझ्या हातातच राहिला. आवाज मामाजींचा होता आणि तो आत्याबाईंच्या मार्फत आलेला नव्हता.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग काठीचा. व्हरांड्याला तीन पायऱ्या होत्या आणि दोन वर्षांत त्या ते कोणाचा हात धरल्याशिवाय उतरले नव्हते. आत्याबाई "अहो, अहो" करत धावल्या, पण ते गाडीला डावा हात टेकत टेकत मागे आले आणि धपकन पोत्यावर बसले. आम्ही दोघं समोरासमोर होतो. माझ्या डोक्यावर पदर नव्हता, हातांना कोपरापर्यंत ग्रीस. मी पदर घ्यायला हात वर केला तर ते म्हणाले, "राहू दे. साडी खराब होईन."

त्यांनी मला एक्सल बाहेर काढायला लावला. मग तुटक्या एक्सलचे दोन्ही तुकडे जमिनीवर एकाला एक जोडून ठेवायला लावले आणि त्याच्या शेजारी मी घालत होते तो. तो दोन बोटं लांब होता. मग पोत्यातला दुसरा ठेवला. तो बरोबर बसला.

"डावा आखूड असते, उजवा लांब," ते म्हणाले. "मधली पेटी बरोबर मधात नसते ना. दोन्ही शेजारी शेजारी ठेव, आखूड असन तो घे, असं सांगितलं होतं मी." आणि आत्याबाईंकडे पाहिलं.

आत्याबाई अजिबात वरमल्या नाहीत. "तं? एवढं लांबलचक कोन सांगत बसन? एक घाल म्हटलं, तिनं एक घातला."

मामाजी हसले. झटका आल्यापासून त्यांचं तोंड एका बाजूला किंचित ओढल्यासारखं होई, त्यामुळे ते हसणं टाळत. त्या दिवशी ते खळखळून हसले, आणि मला एकदम जाणवलं की हा माणूस थट्टेखोर आहे. चार वर्षं मी एका थट्टेखोर माणसाच्या घरात राहत होते आणि मला ते माहीतच नव्हतं. याबद्दल मला आत्याबाईंचा पुन्हा एकदा राग आला.

"तू हातोडा मारला तेव्हा मले समजलं," ते मला म्हणाले. "आवाज बंद बंद आला. आत कुठं तरी टेकला होता. अजून दोन मारले असते तं पेटी फुटली असती, मंग कुठलं कळमेश्वर." मी हातोडा दूर सरकवला. आपण आपल्याच हातानं काय करत होतो ते तेव्हा समजलं.

चकतीखाली जाड कागद लागतो, नाहीतर तेल गळतं. जुना फाटला होता. मामाजी म्हणाले, "लग्नाच्या पत्रिका असतीन ना घरात?" होत्या, आमच्याच लग्नाच्या उरलेल्या, ट्रंकेत. मी एक आणली. ती चकतीवर धरून हातोडीच्या गोल डोक्यानं कडेकडेनं ठोकायची, म्हणजे कागद त्याच आकाराचा कापला जातो आणि बोल्टची भोकंही पडतात. मला ते जमलं. गोल कापून झाल्यावर पत्रिकेवर 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' एवढीच अक्षरं उरली होती. मामाजींनी ती वाचली आणि म्हणाले, "एक्सलले आमंत्रण झालं. आता घाल."

आखूड एक्सलही सहज गेला असं नाही. आतल्या दात्यांत दाते बसायला हवेत आणि आत काही दिसत नाही. मी वाकून वाकून डोकावत होते. मामाजींनी डाव्या हातानं चकती खालून पेलली आणि मला दांडा मधे धरायला सांगितला. "डोये मीट. आत पाहून काय दिसते? हातानं पाह्य. खाली टेकू देऊ नको, तेल अडवनारं सील कापन. हळू फिरव. जोर नको करू."

मी डोळे मिटले. फिरवत राहिले. हात भरून आले.

मागून आत्याबाई म्हणाल्या, "जातं बसवते तसं कर वं. वरचा दगड खुंट्यावर कसा बसवते? दाबते का? फिरवते."

हे मला आधी कोणी का सांगितलं नाही? जातं तर मी रोज बसवत होते. मी वजन सोडलं, नुसता धरला आणि नखभर फिरवला. आतून अगदी बारीक कट्‌ झालं आणि एक्सल आपणहून पुढे गेला. चकती कागदावर येऊन टेकली. मी डोळे उघडले तर मामाजींचे डोळे मिटलेले होते. त्यांच्या डाव्या हातालाही ते कळलं होतं.

मग बोल्ट, समोरासमोरचे एकेक, सगळे एकदम आवळायचे नाहीत. मग ड्रम, मग चाक, मग पेटीत तेल. प्रत्येक गोष्ट ते मला सांगत होते, सरळ माझ्याकडे बघून, आणि मी विचारत होते, "हे असं काहून? ते तसं काहून?" चार वर्षांचे प्रश्न मी त्या एका दुपारी विचारून घेतले. चाक अजून वर उचललेलं असतानाच त्यांनी ते मला हातानं फिरवायला लावलं. इंजिनाकडून पेटीकडे येणारा गाडीखालचा लांब दांडा त्याबरोबर फिरू लागला. "झालं," ते म्हणाले. मी रडले. आता मला रडायची परवानगी होती असं वाटलं. आत्याबाईंनी आधी पाट धुऊन ठेवला आणि मग मला पाणी दिलं.

सोमवारी सकाळी हे साडेआठला आले, तासाभराचं काम करायच्या तयारीनं. गाडीला चारही चाकं पाहून यांनी दोनदा वाकून खाली पाहिलं. "कोन मिस्त्री आणला?" मामाजी खुर्चीवर बसल्या बसल्या म्हणाले, "घरचाच हाय." यांनी पाना घेऊन सगळे नट तपासले. एकही अर्धा फेरासुद्धा फिरला नाही. यांचा चेहरा जरा उतरला, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं.

कळमेश्वरला आम्ही दहा वाजून वीस मिनिटांनी पोचलो. हजर झाल्याच्या कागदावर सही करताना माझ्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला. रिठ्यानं घासूनही नखांतलं ग्रीस गेलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी ठसा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "गाडीचा एक्सल बसवला काल." त्यांना ती थट्टा वाटली असावी. त्या शाळेत मी सेवानिवृत्तीपर्यंत राहिले आणि तो कागद त्या ठशासकट माझ्या फायलीत राहिला.

त्यानंतर मामाजी माझ्याशी बोलू लागले, पण फक्त गाडीबद्दल. चहा, भाजी, पाहुणे हे सगळं पुन्हा आत्याबाईंमार्फत. मग मी शहाणी झाले. काही बोलावंसं वाटलं की विचारायचे, "मामाजी, कार्बोरेटर म्हणजे काय असते?" आणि त्यातून गोष्ट निघे ती काटोलच्या संत्र्यांवर, त्यांच्या आईवर, पहिल्यांदा नागपूरला आले त्या दिवसावर जाई. एकदा मी धीर करून विचारलं की माझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा ते काय म्हणाले होते. ते म्हणाले, "म्हटलं, जाय म्हना, पोरगी हुशार हाय, घरात गंज लागन तिले." आत्याबाईंनी त्यातलं 'जाय' तेवढं मला दिलं होतं.

सात-आठ वर्षांनी त्यांना दुसरा झटका आला आणि त्या वेळी जीभही गेली. बोलत, पण शब्द एकमेकांत मिसळून येत. यांना समजत नसे, डॉक्टरांना नाही, आत्याबाईंना तर मुळीच नाही. मला समजे. इतकी वर्षं गाडीच्या निमित्तानं त्यांचं ऐकून ऐकून मला त्यांच्या आवाजाची सवय झाली होती. शाळेतून आले की मी त्यांच्या खाटेजवळ बसे, ते काही म्हणत, आणि आत्याबाई मला विचारत, "काय म्हनतात वं?" मधला माणूस आता मी होते. मी ठरवलं होतं, दहाच्या दहा शब्द सांगायचे. 'उशी वर करा'पासून 'तिले म्हना आज खिचडी फार छान झाली'पर्यंत सगळं मी जसंच्या तसं पोचवलं. खिचडीचं ऐकून आत्याबाई लाजल्या होत्या. त्या वयात.

फक्त एकदा मी गाळलं. शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. त्यांनी डाव्या हातानं माझा हात धरला, बोटांनी माझा अंगठा चाचपला आणि बराच वेळ लावून एक वाक्य बोलले. दारातून आत्याबाईंनी विचारलं, "काय म्हनतात?"

"पाणी मागतात," मी म्हटलं.

त्या पाणी घेऊन आल्या. ग्लास माझ्या हातात देताना त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्यांना समजलं, कारण शब्द ठेवून घेणाऱ्याचं तोंड कसं होतं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? मी मामाजींना चमच्यानं पाणी पाजलं.

ते म्हणाले होते, "त्या दिवशी तुनं मले 'बसा' नाही म्हटलं वं, कामाले लावलं. म्हनून मी इतके दिवस जगलो."